बाईंनी निवडलेले ब्रेक

शनिवार पेठेतल्या आमच्या ड्रायव्हिंगच्या बाई माणसं ओळखायच्या ती ब्रेकच्या आवाजावरून. गॅलरीत शेंगा सोलत बसलेल्या असत. खालून एखादी स्कूटर चिरकत वळली की मान वर न करता म्हणत, "आले कुलकर्णी. अजून पॅड बदललेले नाहीत." आणि मग खाली ऐकू जाईल अशा बेताने, "थांबायचं असेल तर बदलून घ्या म्हणावं. नसेल तर प्रश्नच नाही." कुलकर्णींनी शेवटी त्या गल्लीतून जाणंच सोडलं. पॅड बदलण्यापेक्षा त्यांना ते स्वस्त वाटलं असावं.

बाई आता नाहीत. पण पेठांतल्या अरुंद बोळांत ज्या बायका मोटार उलटी घालून एका दमात लावतात, त्यांतल्या बऱ्याच बाईंच्या हाताखालून गेलेल्या आहेत. शिकवायच्या मोटारीत डावीकडेही एक ब्रेक असतो. त्याच्यावर बाईंचा पाय, मांडीवर पर्स आणि तोंडात लवंग. आपण चुकलो की त्या शांतपणे तो ब्रेक दाबत आणि काही न बोलता खिडकीबाहेर बघत. ते बघणं फार लागायचं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं, असं वाटायचं.

बाई चिकट होत्या आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नसे. दर पावसाळ्याआधी छत्रीच्या काड्या बदलून आणायच्या. मोटारीच्या सीटला स्वतःच्या जुन्या नऊवारीची खोळ. "टाकायला अक्कल लागत नाही," असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे माझ्या गाडीचं प्रकरण त्यांच्याकडे गेलं तेव्हा बाई सगळं जुनंच ठेवायला लावणार अशी माझी खात्रीच होती.

प्रकरण असं, की बाबा गेले आणि त्यांची मोटार वर्षभर पार्किंगमध्ये उभी राहिली. सासवडला आईची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. आईला तिला भेटायचं होतं, पण एसटीची पायरी तिला चढवत नव्हती आणि टॅक्सीला ती तयार नव्हती. "परक्याच्या हाताने दिवे घाट उतरायचा नाही मला. ह्यांच्या गाडीतून जाईन, नाहीतर राहू दे," एवढंच म्हणायची. म्हणून मी बाईंकडे शिकायला लागले. शिकले, लायसन्सही मिळालं, आणि गाडी तपासायला दिली तर गॅरेजवाल्याने सांगितलं की ब्रेकचं सगळंच संपलंय, पूर्ण सेट नवा टाका. तो खर्च ऐकून दादा म्हणाला, "एवढी तर गाडीचीही किंमत नाही. आणि ब्रेक गेलेल्या गाडीत आईला बसवणारेस तू? भंगारात दे." दादा वाईट नाही. घाबरलेला होता, आणि खरं सांगायचं तर मीही होते.

बाई माझ्याबरोबर स्वारगेटजवळच्या त्या गॅरेजात आल्या. चारी चाकं उतरवायला लावली. एक बुटकं स्टूल ओढलं, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मेथीची जुडी निवडावी तसे ब्रेकचे भाग निवडायला बसल्या. उजवीकडे ठेवायचं, डावीकडे टाकायचं.

"बाई, सगळंच नवीन टाका की. कटकट नको," गॅरेजवाला म्हणाला.

"कटकट मी करतेय. तुम्ही कशाला दमताय?"

प्रत्येक भाग पुसून, नखाने खरवडून बघायच्या आणि मला विचारायच्या, "हा लावून आईला घेऊन दिवे घाट उतरशील?"

पॅड पुढे केले. घासून घासून लोखंडापर्यंत आलेले. मी म्हणाले, "म्हणजे... सावकाश..."

"अडखळलीस. टाक."

गॅरेजवाल्याने तेवढ्यात स्वस्तातला उपाय काढला. जुन्याच पॅडवर नवी लायनिंग चिकटवून देतो म्हणाला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चिकटवायचं ते पाकिटावर तिकीट. ब्रेक नव्हे."

पॅड दाबून धरणारे कॅलिपर गंजाने अडकले होते. "हे झिजलेले नाहीत, नुसते रुसलेत. साफ करा, रबरं बदला, चालतील." ते उजवीकडे गेले. मागच्या चाकांचे ब्रेकही उजवीकडे. चिरा गेलेले रबरी पाइप मला न विचारताच डावीकडे. राहिल्या पुढच्या चाकांच्या दोन डिस्क, पॅड ज्यांना आवळतात त्या तबकड्या. एक चांगली होती, दुसरी घासून पातळ झालेली. मी आशेने म्हणाले, "मग एकच बदलू या?"

"एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून चाल बघू," बाई म्हणाल्या आणि चांगली डिस्कसुद्धा डावीकडे ठेवली. छत्रीच्या काड्या जपणारी ही बाई! मी बघतच राहिले. तरीही काम दादाने ऐकलेल्या आकड्याच्या पार खाली आलं, आणि गॅरेजवाल्याने निमूटपणे चहा मागवला.

रविवारी निघालो. शेजारी आई, आणि मागच्या सीटवर दादा, कारण त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता. मावशीने आईचा हात हातात घेतला तो दुपारपर्यंत सोडला नाही. त्या दोघींना तसं बसलेलं पाहिलं आणि मला वाटलं, आता काहीही होवो, आलो ते बरं झालं.

पण उतरायचं राहिलंच होतं. घाट सुरू झाला तशी आईने दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. मागून दादाने माझ्या सीटची पाठ घट्ट धरली. बाईंनी बजावलं होतं, "ज्या गिअरमध्ये चढलीस, त्यातच उतर. ब्रेक म्हणजे मीठ. चवीपुरता." मी तशीच उतरत गेले. वळण आलं की जरासा दाबायचा, सोडायचा. गाडी ऐकत होती! एका वळणावर एक नवीकोरी मोठी गाडी कडेला थांबली होती. तिच्या चाकांतून धूर निघत होता आणि मालक त्यावर बाटलीतलं पाणी ओतत होता. मी हॉर्न न वाजवता शेजारून पुढे गेले. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

खाली सपाटीला आल्यावर गाडी कडेला घेतली आणि आईकडे बघितलं. हात मांडीवर, मान कलती. बाबा चालवायचे तेव्हा ती घाटात डोळे मिटून स्तोत्र पुटपुटायची. आज चक्क घोरत होती.

मी खाली उतरून बाईंना फोन लावला. "बाई, उतरलो! आई घाटात झोपली."

पलीकडे आधी लवंग चावल्याचा आवाज. मग, "झोपली? मग शिकलीस."

एवढ्या दिवसांत बाईंच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कौतुक. माझे डोळे भरून आले. दादाने फोन मागून घेतला. "बाई, मी हिचा भाऊ."

"भंगारवाले का?"

दादा आधी ओशाळला, मग रस्त्याच्या कडेला उभा राहून मोठ्याने हसला. "हो बाई, तोच. गाडी राहू दे आता."

"राहू दे म्हणजे? तुम्हाला कुणी विचारलंय?" बाईंचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. "गुपचूप मागे बसा. आणि हिला सांगा, आईला उठवू नकोस म्हणावं. तशीच घरी ने."

दादा गुपचूप मागे बसला. आणि मी आईला तशीच, हडपसरच्या भर गर्दीतून, एकही धक्का बसू न देता सदाशिव पेठेपर्यंत झोपलेली घेऊन आले.