हस्तक्षेप : होय

वसाहतीत त्याला सगळे कप्तान म्हणत. लष्करात त्याचा हुद्दा वेगळाच होता, पण कोपऱ्यावरच्या न्हाव्याने एकदा दाढी करता करता 'कप्तान' म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. एकतीस वर्षं त्याने मालवाहू विमान उडवलं. एवढ्या काळात त्याच्यावर कुणी गोळी झाडली नाही की त्याने कुणावर झाडली नाही. पीठ, डिझेल, ब्लँकेटं आणि एकदा दातांच्या डॉक्टरची खुर्ची, एवढं त्याने डोंगरातल्या चौक्यांवर पोचवलं. सगळं धडपणे पोचलं याचा त्याला अभिमान होता. तो कधी बोलून मात्र दाखवत नसे, कारण कुणी विचारत नसे.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्याला बोलावणं आलं. एका खाजगी कंपनीची छोटी विमानं या शहरातून त्या शहरात वैमानिकाशिवाय पार्सलं नेत असत. तीच यंत्रणा लष्कराला आपल्या जुन्या विमानात बसवून हवी होती, म्हणजे पिठासाठी माणसांचा जीव धोक्यात घालायला नको. कंपनीने दोन पोलादी पेट्या, सहा कॅमेरे, एक लेझर आणि बत्तीस वर्षांची एक इंजिनीअर पाठवली. पहिला महिनाभर ती कप्तानाला सर म्हणाली, पुढे काका.

"तुम्ही डाव्या खुर्चीत बसायचं. हात मांडीवर. यंत्र चुकलं तर लाल बटण दाबून विमान ताब्यात घ्यायचं," तिने सांगितलं.

"आणि नाही चुकलं तर?"

"तर काही करायचं नाही."

"किती वेळ?"

"दोन तास दहा मिनिटं."

घरी आल्यावर त्याने हे बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिचं बोलणं मोजकं होतं.

"म्हणजे घरी करता तेच," ती म्हणाली.

यंत्र हुशार होतं, पण नागरी वळणाचं. डोंगरातल्या धावपट्टीवर तीव्र उतार घेऊनच उतरावं लागतं. यंत्र मात्र कुणाला मळमळू नये अशा बेताने खाली येई आणि धावपट्टी मागे टाकून पुढे निघून जाई, मग वळून पुन्हा प्रयत्न करी. पिठाच्या पोत्यांना मळमळत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उतरण्याआधी ते खालून परवानगी मागायचं. चौकीवर परवानगी द्यायला वायरलेसवाला एकच शिपाई, आणि तो जेवायला गेलेला. विमान पंचवीस मिनिटं अदबीने घिरट्या घालत राहिलं. कप्तान हात मांडीवर ठेवून शिपायाचं जेवण व्हायची वाट पाहत बसला.

प्रत्येक उड्डाणानंतर एक फॉर्म भरायचा असे. त्यात एक ओळ होती : हस्तक्षेप, होय किंवा नाही, आणि त्यापुढे कारण. एकेचाळीस उड्डाणं त्याने 'नाही' लिहिलं.

मधल्या काळात इंजिनीअर त्याला खोदून खोदून विचारी. उतरताना वारा फिरला हे कसं कळतं?

"बुडाला कळतं," कप्तान म्हणाला.

"म्हणजे खुर्चीतून?"

"म्हणजे बुडातून."

पुढच्या आठवड्यात त्याच्या खुर्चीखाली थरथर मोजणारी एक डबी बसवलेली होती.

बेचाळिसावं उड्डाण समितीसमोर व्हायचं होतं. समिती अकरा जणांची. चौकीवरच्या धावपट्टीच्या कडेला मांडवात खुर्च्या टाकून बसलेली. प्रकल्पाचे साहेब त्यांच्यात जातीने हजर. विमानात पुढे कप्तान आणि त्याच्यामागे घडीच्या खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, इंजिनीअर. सगळं सुरळीत चाललं होतं. विमान उतारावरून नीट खाली आलं, आणि जमीन साठ फुटांवर असताना इंजिनं अचानक गरजली. यंत्र उतरायचं सोडून पुन्हा वर निघालं.

कप्तानाने समोर पाहिलं. धावपट्टी लख्ख मोकळी. माणूस नाही, गाडी नाही, कुत्रंसुद्धा नाही.

"आज नको ना रे," मागून इंजिनीअर यंत्राला म्हणाली. आवाज रडवेला होता.

पोरीच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर अकरा माणसांदेखत पाणी पडत होतं. त्याने बटण दाबलं, विमान ताब्यात घेतलं आणि उतरवलं. चाकं कधी टेकली ते मांडवातल्यांना धूळ उडाल्यावरच कळलं. टाळ्या पडल्या. "शेवटी माणूस तो माणूस," साहेब म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

उतरल्यावर त्याचे गुडघे आखडत, म्हणून तो नेहमी थोडा चालून येई. त्या दिवशीही तो चहाचा कप हातात घेऊन धावपट्टीवरून निघाला. अर्ध्याच्या पुढे त्याला जमीन थोडी दबलेली दिसली. खाटेएवढी जागा, खोली जेमतेम चार बोटं. दुपारच्या उन्हात तिला सावलीच नव्हती, त्यामुळे वरून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने पाय ठेवला आणि तो पोटरीपर्यंत आत गेला. आधीच्या आठवड्यात तिथे पाण्याचा टँकर दोन दिवस गळत उभा होता, असं शिपायाने नंतर सांगितलं. वरची माती वाळली होती आणि खाली नुसता चिखल. डाव्या चाकाची खूण त्या जागेपासून वीतभर अंतरावरून गेली होती.

कप्तान एक पाय आत ठेवूनच उभा राहिला. मग उरलेला चहा प्यायला.

मांडवामागे इंजिनीअर लॅपटॉपवर वाकली होती. "लेझरला जमीन खाली गेलेली दिसली म्हणे," ती नाक पुसत म्हणाली. "काही नव्हतं ना तिथे, काका? मर्यादा सैल करून टाकते. असल्या बारीकसारीक गोष्टींना ते पुन्हा घाबरणार नाही."

तो गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. त्याचे जुने सोबती तर वायरलेसवरून अभिनंदनही करून मोकळे झाले होते. फक्त पुढच्या खेपेला चाक अडकून विमान उलटलं असतं, आणि तेव्हा आत कोण असेल ते कुणी सांगावं.

"अगं, ते बंद कर," तो म्हणाला. "आणि बूट काढून चल."

तिने आपला पाय त्या खड्ड्यात घालून पाहिला. चिखलाने माखलेला पाय बाहेर काढून ती एवढी हसली की समितीने माना वळवल्या.

फॉर्मवर कप्तानाने लिहिलं : हस्तक्षेप, होय. कारण : माझी चूक. यंत्राचं बरोबर होतं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "वाऱ्याचा झोत वगैरे लिहा की. लोक हसतील."

"वारा नव्हता, साहेब."

महिन्याभराने समितीचा निकाल आला. यंत्रणा मंजूर. पुढची उड्डाणं माणसाशिवाय. कप्तानाचं काम ठरल्यापेक्षा आठ महिने आधीच संपलं.

"तर मग यंत्र बरोबर होतं," बायको म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही चूक."

"हो. पण उतरवलं छान."

तिने वह्या बाजूला सारल्या. "लिहिलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. लग्नाच्या तीस वर्षांत तिने त्याला एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं.

पहिल्या बिनमाणसाच्या उड्डाणाला त्याला पाहुणा म्हणून नेलं. आपलं विमान बाहेरून उतरताना कसं दिसतं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच जाड होतं. आलं, टेकलं, थांबलं, इंजिनं आपोआप बंद झाली. कुणी काही म्हणायच्या आत तो उगाच खोकला.

पोती उतरवायला सहा शिपाई धावले आणि दारापाशी थांबले. दाराची बाहेरची मूठ फार वर्षांपूर्वी तुटली होती. बाहेरून दार नुसतं ढकललं की बंद होई आणि उघडायला आत कुणीतरी असतंच, म्हणून ती पुन्हा कुणी बसवली नव्हती. समितीच्या तीनशे पानी अहवालात दाराचा उल्लेख नव्हता. पार्सलांच्या विमानांची दारं बाहेरूनच उघडत.

साहेबांनी इंजिनीअरकडे पाहिलं, इंजिनीअरने कप्तानाकडे.

वैमानिकाच्या डोक्यावरची झडप बाहेरून उघडते हे त्याला माहीत होतं. शिडी मागवली. सत्तावन्नाव्या वर्षी, कुरकुरणारे गुडघे घेऊन, तो विमानाच्या टपावर चढला, झडपेतून आत उतरला, रिकाम्या खुर्चीला वळसा घालून मागे गेला आणि दार उघडलं.

"या," तो शिपायांना म्हणाला.

नवी मूठ मंजूर होऊन यायला तीन महिने लागले. तोवर प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी जीप त्याला चौकीवर घेऊन जायची. मूठ आली तेव्हा त्याने ती स्वतः चार स्क्रूंनी बसवली, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं, आणि जीपवाल्याला निघू या म्हणाला.