ड्रिल मशीन आणि खंडेनवमीचा नाडा

"मास्तर, आभाळ भरून आलं. चार भोकं पाडून द्या, बस!"

केशवराव माझ्या शेडमध्ये येरझारा घालत होते. सोनाळ्यात त्यांची मोठी शेती. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, ढिगाची सुडी लावलेली, शेतात मळणीचा थ्रेशर उभा, आणि त्याची चाळणी धरून ठेवणारी लोखंडी पट्टी ऐनवेळी तुटली. नवी पट्टी मी कापून दिली होती. फक्त भोकं पाडायची राहिली होती. मळणीआधी पाऊस आला असता तर सगळं पीक भिजलं असतं.

दिवस खंडेनवमीचा. सकाळीच अवजारांची पूजा झाली होती. "आज तरी मशीनले आराम द्या," असं बायकोने बजावलं होतं. पण दारात माणूस असा उभा असताना आराम कसला! मी ड्रिलवरचा झेंडूचा हार उतरवला आणि पट्टी व्हाइसच्या पकडीत आवळली.

आयटीआयमध्ये जन्मभर मशीन शिकवून मी निवृत्त झालो. आता घरामागच्या शेडमध्ये किरकोळ कामं करतो. विद्यार्थिनी एकच, माझी नात स्वरा, वय अकरा. ती कानस चालवते, हॅकसॉ चालवते, दप्तर टांगायला हूक बनवते आहे. ड्रिलला मात्र हात लावायचा नाही. त्याच्याभोवती जमिनीवर पिवळी रेषा आहे. मशीन चालू असताना ती रेषा ओलांडायची नाही. अंगावर बांगडी, दोरा, ओढणी काहीही लोंबता कामा नये. नियम मोडला की तो दिवस रेषेबाहेर.

सगळ्यात मोठा नियम असा, की कोणीही 'बंद' म्हटलं की मशीन बंद करायचं. कारण नंतर विचारायचं. म्हणूनच मेन स्विच मी दाराजवळ, तिच्या हाताला येईल इतका खाली बसवला आहे.

दोन भोकं झाली. बाहेर ढग गडगडला. केशवराव म्हणाले, "हात चालवा मास्तर!" मी तिसरं सुरू केलं. उजव्या हाताने दांडा दाबत होतो, डाव्या हाताने ब्रशने लोखंडाचा कीस झाडत होतो.

"आबा, बंद!"

स्वरा दाराशी उभी होती. मी वर न बघता खेकसलो, "काऊन वं?"

"आबा, बंद म्हटलं ना!"

"पोरीचं काय आयकून राह्यले, मास्तर?" केशवराव म्हणाले. "पाडा भोक!"

खटकन आवाज झाला. लाइट, पंखा, मशीन सगळं गेलं. माझं डोकं भडकलं. तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि डावं मनगट ओढलं गेलं. थांबता थांबता ड्रिलचे जे दोन-चार फेरे झाले, त्यात माझ्या हातातला नाडा गुंडाळला गेला होता. सकाळी पूजेत बायकोने बांधलेला तो लाल नाडा. त्याचं टोक लोंबत होतं.

सुती नाडा पटकन तुटत नाही. तो हाताला आत घेतो. करंट चालू असता तर मनगट गेलं असतं. नोकरीत एका मुलाचं बोट हातमोज्यापायी जाताना मी पाहिलं आहे. त्या दिवसापासून तर हे सगळे नियम.

स्वराने कात्री आणली. मी नाडा कापला. कातडी सोलवटली होती, तेवढ्यावरच निभावलं.

"पूजा झाल्यावर तुमी माह्या हातातला काढाले लावला," ती म्हणाली. रडायच्या बेतात होती. "अन् सोताचा इसरले."

"चुकलो," मी म्हणालो. "दोनदा चुकलो. पहिल्या हाकेलाच थांबाले पाहिजे होतं."

डोळे पुसून ती म्हणाली, "मंग आज तुमी रेषेबाहेर."

"अन् माह्यं सोयाबीन?" केशवराव ओरडले.

नियम माझाच होता. मी रेषेबाहेर येऊन उभा राहिलो. केशवरावांना ड्रिल नवं नव्हतं, ते पुढे झाले.

"काका, घड्याळ काढा. नाडा बी."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, माझ्या मनगटाकडे पाहिलं, आणि दोन्ही काढून खिशात टाकली. मग स्वराने स्विच चालू केला, आणि शेवटचं भोक पडेपर्यंत त्यावरून हात काढला नाही.

मळणी त्याच दिवशी झाली. पाऊस काही आला नाही.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी आता एवढंच सांगतो: घरी शेड टाकली तर मेन स्विच पोरांच्या उंचीवर बसवा. पोरं नियम पाळतातच. तो स्विच आपल्यासाठी आहे.