हुबेहूब दुसरी म्हैस

आमची म्हैस म्हातारी झाली तसा आमच्या ह्यांना घोर लागला. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून मोटारसायकलीमागे पळवतात, आणि साऱ्या शिवाजी पेठेत आमच्या म्हशीसारखी पळणारी दुसरी नव्हती. ह्यांनी मोबाइलवर क्लोनिंगचा व्हिडिओ पाहिला होता. जनावरांचे डॉक्टर सुई द्यायला आले, तेव्हा हे म्हणाले, "डॉक्टर, हिच्या कानाचं कातडं घ्या आणि डिट्टो अशीच दुसरी करून द्या की!"

डॉक्टर हसले. "दादा, ते मोठ्या संशोधन केंद्रात होतंय. रूप हिचंच येईल, पण गाडीमागं पळायला ती पोटातनं शिकून येणार न्हाय."

"मग काय उपेग?"

"आणि एक रेडकू जगायला कितीतरी म्हशींच्या पोटात गर्भ ठेवावे लागतात. बरेच टिकत न्हाईत."

मी दाराआड उभी होते. परक्या माणसासमोर मी कधी बोलत नाही, पण तोंडातून गेलंच, "मग गाभडणाऱ्या म्हशींनी काय पाप केलंय?"

डॉक्टर म्हणाले, "वैनी, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाबी सुटलेला न्हाय."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "आयला, हिला वाचा हाय व्हय!"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी म्हशीच्या पोटच्या रेडीलाच शिकवायचं ठरवलं आणि तिच्यापुढे गाडी सुरू केली. आवाज ऐकताच रेडी उलट्या दिशेला पळाली, आणि हे गाडी टाकून तिच्यामागे. मी पदर तोंडाला लावून पोटभर हसले.