गार्डाच्या डब्याची पायरी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कुडाळात पिठाच्या गिरणीत उभा होतो. तांदूळ दळायला टाकले होते, गिरणीचा आवाज चालू होता, त्यामुळे तिचं पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "ते गेले रे, बापू." मी म्हटलं, "बरां." एवढंच… बरां. मग फोन खिशात टाकला, पीठ होईपर्यंत थांबलो, डबा गरम लागत होता म्हणून हात बदलत बदलत घरी आलो आणि बायकोला आधी पीठ जाडसर झाल्याचं सांगितलं, मग सदादादाचं. याला आता सात आठवडे होत आले. त्याच्या गावी, वालावलला गेलो, खांदा दिला, तेराव्याला पंगतीत भातही वाढला. डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणाले, बापू धीराचा आहे. धीर कसला… दात काढायच्या आधी सुई देतात ना, त्यानंतर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं झालंय आणि अजून उतरलेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण सदादादावर लिहायचं तर खोटं लिहून चालणार नाही. एकदा खोटं लिहून झालंय. त्याला मी एका आकड्याने फसवलं होतं, आणि ते कबूल करायचं राहून गेलं.

सदादादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी शाळेत कारकून, तो रेल्वेत. त्याची सगळी नोकरी मोठमोठ्या यार्डांत, मालगाडीचे डबे तपासण्यात गेली. हातात लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या कडेने चालायचं, चाकावर ठोका मारायचा आणि कान द्यायचा. चाक धड असेल तर आवाज घुमतो, भेग असेल तर बसका येतो. निवृत्त होऊन वालावलला आला तो ही खोड घेऊनच. दिसेल त्या वस्तूवर बोटाच्या पेराने ठोका मारायचा… नारळ, माठ, चहाचा कप, नवीन जावयाने आणलेली मिठाईची पेटी. आणि लगेच निकाल द्यायचा, "बरो आसा," नाहीतर "भेग आसा." भेटायला गेलेल्या माणसाच्याही खांद्यावर ठोका पडायचाच. माझ्या खांद्यावर ठोकून तो कायम "बरो आसा" म्हणायचा. मला तेव्हा त्याचं काही वाटत नसे.

पडवीत त्याने टेबल मांडलं आणि आयुष्यभर जे डबे तपासले तेच पुन्हा करायला घेतले, सत्त्याऐंशी पटींनी लहान. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, त्यामुळे गावाला आयताच विषय मिळाला. सदान म्हातारपणात वाघिणी पाळल्यान म्हणत. वहिनी म्हणायची, एक घरात होती ती पुरली नाही वाटतं. पण बघायला सगळे यायचे. डब्याच्या भिंती प्लास्टिकच्या पत्र्याच्या, धरायच्या दांड्या इंजेक्शनच्या सुयांच्या, चाकं लेथवर कातून घेतलेली पितळेची. भिंतीवरची रिबिटं, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांची टोकं, तो औषधाच्या पाकिटाच्या चंदेरी कागदावर मागून बोथट सुई दाबून उठवायचा. एका बाजूला जेवढी खऱ्या डब्यावर, तेवढीच. एक चुकलं तर पूर्ण कागद टाकून द्यायचा. गंजासाठी रंग विकत आणला नाही. अंगणातली चिऱ्याची तांबडी माती वहिनीच्या जुन्या लुगड्यातून गाळायची आणि बोटाने चोळायची. त्याचं म्हणणं, आमच्या मातीला गंज वेगळा शिकवायला लागत नाही.

मापाच्या बाबतीत मात्र तो विलक्षण तिरसट होता. नकाशे होते त्याच्याकडे, पण नकाशावर त्याचा विश्वास नसे, कारण डबा दुरुस्तीला गेला की काहीतरी बदलून येतो. माप प्रत्यक्षच घ्यायचं. एकदा मी एका फाटकाची उंची सांगितली, चार फूट. त्याने मान वर न करता विचारलं की मी नक्की मोजली का. मी म्हटलं, अंदाजाने. तेव्हा तो म्हणाला, "आकडो गोल इलो काय समजाचा, माणूस मापूक गेलोच नाय." हे वाक्य मी लक्षात ठेवलं. कशासाठी ठेवलं ते पुढे येतंच.

दोन वर्षांपूर्वी त्याला हृदयाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, चढ बंद केला, लक्ष्मीनारायणाच्या देवळापर्यंत चालायचं तेही मध्ये बसून. तोवर त्याचं इंजिन झालं होतं, वाघिणी झाल्या होत्या, राहिला होता तो फक्त शेवटचा गार्डाचा डबा. चार चाकांचा, दोन्ही टोकांना सज्जा असलेला. तसला एक मोडका डबा कुडाळ स्टेशनात बाजूच्या रुळावर कित्येक महिने पडून होता आणि सदादादाला तोच हवा होता, कारण त्याची पायरी कधीतरी तुटून पुन्हा बसवलेली होती. किती उंचीवर बसवली ते नकाशात सापडणार नव्हतं. मी कुडाळातच राहतो, म्हणून एका रविवारी त्याने मला टेप दिली. गार्ड नसेल तर गाडी सुटत नाही, तेव्हा लवकर जा, असंही बजावलं.

मग बुधवार उजाडला. मी टेप खिशात घालून निघालो, खोटं नाही. पण ऊन फार होतं, वाटेत शाळेतला एक जुना सोबती भेटला, आणि बुधवार बाजाराचा दिवस असल्यामुळे खानावळीत बांगडे ताजे होते. जेवलो, सोलकढीचा दुसरा पेला घेतला, बोलत बसलो. मग उठून त्या रुळांपर्यंत चालत जायचं जिवावर आलं. एवढा तेवढा डबा, त्याची पायरी, ती कोण मोजायला बसलंय… खानावळीच्या कागदावर मी अंदाजाने मापं लिहून काढली. पायरीपाशी "तीन फूट" लिहिलं, आणि मग ते गोल आकड्याचं वाक्य आठवलं म्हणून पुढे "दोन इंच" लावले. त्याच्याच शिकवणीने त्याला फसवलं.

संध्याकाळी वालावलला जाऊन कागद दिला. त्याने तो चष्म्याजवळ धरला. जरा जास्तच वेळ धरला, हे आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही. मग म्हणाला, "डबो बरो होतो मा?"

"बरो होतो," मी म्हटलं. "गंजललो जरा."

त्याने मान हलवली, खांद्यावर ठोका मारला आणि वहिनीला चहा टाकायला सांगितलं. ठोक्यानंतरचा निकाल त्या दिवशी दिला नाही.

डबा करायला त्याला चार महिने लागले. मध्ये दोनदा दवाखाना झाला. पूर्ण झाला तेव्हा मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि दाखवत म्हणाला, "तू सांगलंस तसो गंज लावलंय." डबा सुंदरच होता. सज्ज्यात उभा गार्ड, हातात तांदळाएवढी हिरवी बावटी. पण पायरी… माझ्या तीन फूट दोन इंचांची होती. मला त्यातलं काही कळत नाही, तरी दिसत होतं की ती भलतीच वर आहे, सज्ज्याला खालून जवळजवळ चिकटलेली. आणि तिच्या बरोबर खाली, रुळाच्या खडीत, त्याने एक लाकडी स्टूल करून ठेवलं होतं. मुगाच्या दाण्याएवढं, चार पायांचं. मी विचारलं, हे कसलं? तो म्हणाला, "गार्डाक चढूक नको?"

मी हसलो. म्हातारपणी थट्टा सुचतेय असं स्वतःला समजावलं. सांगून टाकावं असं तेव्हा एकदा जिभेवर आलं होतं, पण वहिनी घावणे घेऊन आली, आणि मग पुढच्या वेळी सांगू म्हणता म्हणता वर्ष गेलं. मी दर पंधरवड्याला जात होतो. वेळ नव्हता असं म्हणायला जागा नाही.

तेरावं झाल्यावर वहिनीने मला पडवीत बोलावलं. टेबल तिने पुसून ठेवलं होतं, सुया डबीत भरल्या होत्या. बाकीची गाडी नातवासाठी ठेवली होती. गार्डाचा डबा तेवढा बुटांच्या खोक्यात कापसात घालून तिने माझ्या हातात दिला, वर त्याची कामाची वही. म्हणाली, "ह्यो तुका देऊक सांगल्यानी. वहीसकट." मी पुन्हा "बरां" म्हटलं आणि स्कूटरवर पायांपाशी खोकं ठेवून निघालो. ते आठ दिवस कपाटावर तसंच होतं.

वही मी उघडली ती नुसती चाळायला म्हणून. बोलायला आम्ही सगळे मालवणी, पण वही त्याने यार्डातल्या नोंदवहीसारखी ठेवली होती, दिवस, काम, शेरा. गार्डाच्या डब्याच्या पानावर होतं:

"सोमवार. कुडाळ स्टेशनातून फोन. मोडका डबा सकाळी इंजिन लावून नेला. आता माप मिळणे नाही.
बुधवार. बापूने माप आणले. पायरी तीन फूट दोन इंच. नकाशात एक फूट आठ इंच.
शेरा: बापूचे माप कायम.
स्टूल करणे."

मी ते पान किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. नसलेल्या डब्याचं माप मी आणलं होतं. नसलेल्या डब्यावर गंज आहे असं त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि त्याने तो गंज चोळून चोळून लावला होता. एक रिबिट चुकलं तर कागद फेकणारा माणूस तो. हसला असता, चिडला असता, चार माणसांत सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्याने फक्त मला चढायला सोय करून ठेवली… हे कळल्यावर तरी रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. वही मिटली आणि डबा काही त्या दिवशी खोक्यातून काढला नाही.

आता तो माझ्याकडे खिडकीशेजारच्या फळीवर आहे. बायको म्हणते, पायरी कोणाकडून तरी खाली घेऊन बसव, विचित्र दिसते. मी नाही म्हणालो. रोज सकाळी धूळ पुसताना स्टूल चिमटीत धरून बाजूला ठेवतो, पुसून झालं की चष्मा लावून परत त्या पायरीखाली, बरोबर मध्ये, ठेवतो. परवा घाईत ठेवायचं विसरलो आणि बाजारापर्यंत पोचलो होतो. तिथून परत आलो. गार्डाला चढायला हवं.