दुसऱ्या भागाची शेवटची सोळा पानं

मावशीचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत बसले होते. कशी आहेस, कामात आहेस का, असलं काही विचारायची तिची पद्धत नव्हती.

"मला तो दुसरा भाग मिळवून दे," ती म्हणाली. "गुरुवारच्या आत."

गुरुवारी तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होतं. काचबिंदूनं डोळे तर आधीच गेले होते, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा.

"आता कशाला हवाय तुला तो? तोंडपाठ आहे की. सगळ्यांना शेवट तूच सांगितलास."

मग ती म्हणाली, "मला शेवट माहीतच नाही गं. मी तो कधी वाचलेला नाही."

खिडकीबाहेरचे आजोबा आपल्या गोळ्या मागत होते आणि मी त्यांच्याकडे बघत तशीच बसून राहिले.

ऑपरेशन नीट झालं आणि मावशी पुढे चार वर्षं जगली, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याला टांगून ठेवणं हा त्या रहस्यकथावाल्या लेखकाचा उद्योग, माझा नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिनं घराच्या पुढच्या खोलीत वाचनालय काढलं होतं. खोली एवढीशी, की तीन माणसं आत असली तर चौथ्यानं दारात उभं राहून पुस्तक मागायचं. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. नवीन पुस्तक आलं की ती आधी ते उसवायची. फर्मे, म्हणजे सोळा सोळा पानांचे जुडगे, सुटे करून जाड सुईनं पुन्हा शिवायची आणि खळ लावून वजनाखाली ठेवायची. छापखान्याची शिलाई तीन वाचकांत राम म्हणते, असं तिचं मत होतं. दारामागे तिनं पाटी लावली होती, "येथे अर्धवट पुस्तक मिळत नाही." त्या पाटीचा तिला भारी अभिमान. लग्न का नाही केलंस असं कुणी विचारलं, की म्हणायची, "आलेले सगळे अर्धवट होते."

कॉलेजची पहिली दोन वर्षं मी तिच्याकडेच राहायला होते. आयुष्यात नंतर पुष्कळ घरं बदलली, चांगली मोठीही मिळाली, पण खळीचा आणि जुन्या कागदाचा तो वास आला की अजून मला घरी आल्यासारखं वाटतं.

त्याच काळात त्या रहस्यकथेचा पहिला भाग आला. पुस्तकाचं नाव कुणीच घेत नसे, नुसतं "पहिला भाग आहे का?" असं विचारायचे. एका कॉलेजातली मुलगी एक दिवस नाहीशी होते. तिची मैत्रीण, म्हणजे आपली नायिका, शोध घेत फिरते आणि तिला कळतं की कॉलेजच्या ग्रंथालयाखाली तळघर आहे आणि तिथे मुखवटे घातलेली एक गुप्त मंडळी जमते. शेवटच्या पानावर नायिकेच्या उशीखाली करडं पाकीट सापडतं, "तुझी निवड झाली आहे." बस्स, संपला भाग. लेखकाच्या नावानं आमच्या गल्लीत जी बोटं मोडली गेली ती त्याला लागली कशी नाहीत, कोण जाणे.

आठ महिने सगळे दुसऱ्या भागाची वाट बघत होते. मावशीनं वहीत नंबर लावून घेतले, एकोणचाळीस झाले. पहिला नंबर चौकातल्या चष्मेवाल्यांचा. उंच, अबोल माणूस, दर शनिवारी पुस्तक बदलायला यायचा आणि उगाच अर्धा तास फळ्यांपुढे उभा राहायचा. दुसरा नंबर नर्सबाईंचा. माझा नंबर शेवटचा, कारण "घरच्या माणसानं आधी जेवायचं नसतं."

दुसरा भाग आला. नायिका त्या मंडळीत सामील होते, शपथ घेते, एकेक जिना उतरत खाली खाली जाते. आणि एकशे शहात्तराव्या पानावर ती त्यांच्या म्होरक्याच्या मुखवट्याला हात घालते. पुढे काही नाही. शेवटची सोळा पानं गायब.

चष्मेवाले पुस्तक परत द्यायला आले, मावशीशी दोन शब्द बोलले, स्टुलावर बसले. मावशीनं त्यांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि ते निघून गेले. मग नर्सबाई आल्या त्या आरडाओरडा करतच.

"शेवट कुठाय? माझ्या आधी कुणी नेलं होतं हे?"

वही उघडीच होती. आधीचं नाव एकच होतं. मावशी म्हणाली, "पानं कुठे गेली देव जाणे. बसा, शेवट मी सांगते. मी वाचलंय." मग तिनं नर्सबाईंनाही वहीवर हात ठेवायला लावला. "शपथ घ्या. हा शेवट कुणाला सांगायचा नाही. ज्याचा नंबर येईल त्याला मीच सांगणार."

झालं. त्या दिवसापासून चष्मेवाल्यांचं नाव पडलं पानचोर. पुढच्या आठवड्यापर्यंत लोक चष्मा दुरुस्त करायला गेले तरी "पानचोरांकडे जाऊन येतो" म्हणायला लागले. ते बिचारे हसायचे आणि काचा पुसायचे. आणि वाचनालयात एकेक जण पुस्तक वाचून स्टुलावर बसायचा, वहीवर हात ठेवायचा आणि मावशीच्या तोंडाकडे कान न्यायचा. पुस्तकातल्या गुप्त मंडळीपेक्षा आमची मंडळी मोठी होती. रस्त्यात दोघं भेटले की एकमेकांना विचारायचे, "कळला का?" "कळला." आणि दोघंही अशा थाटात पुढे जायचे की बघत राहावं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझी पाळी आली तेव्हा मी कॉलेज सोडायच्या बेतात होते. शपथ मोडून सांगते. आमच्या वर्गातही पाचसात जणींचं टोळकं होतं. मुखवटे नव्हते, पण मी वर्गात गेले की सगळ्या एकदम गप्प व्हायच्या, आणि मी बसले की मागून हसू यायचं. का, ते मला अजून माहीत नाही. वार्षिक परीक्षा चार दिवसांवर आली होती आणि मी आईला पत्र लिहून ठेवलं होतं की मी परत येते. मावशीला मी यातलं अवाक्षर बोलले नव्हते.

तिनं मला स्टुलावर बसवलं. म्हणाली, "ती मुखवटा ओढते. आत कोण असतं माहितीये? तिच्याच वर्गातली एक घाबरट मुलगी. नायिका तिला म्हणते, उद्या सकाळी दहाचा पेपर आहे, मी लिहिणार आहे, तुला यायचं तर ये. आणि जिना चढून वर येते."

"एवढंच?"

"मग काय तोफा डागायच्या? सगळ्यात अवघड जिना तोच असतो."

मी पेपर लिहिला. पास झाले. आज त्या औषधांच्या खिडकीत बसते ती त्याच पेपराच्या जोरावर. आईला न पाठवलेलं ते पत्र माझ्याकडे अजून आहे.

आणि आता बत्तीस वर्षांनी मावशी फोनवर सांगत होती की तो शेवट पुस्तकात नव्हताच.

मी रविवारी गेले तेव्हा तिनं सगळं ओकून टाकलं. नवी प्रत उसवताना तिला दिसलं होतं की बांधणाऱ्यानं घोळ केलाय. एकशे एकसष्ट ते शहात्तर हा फर्मा दोनदा आणि शेवटचा फर्मा नाहीच. दुसरी प्रत मागवली तर आवृत्ती संपली. दारामागे ती पाटी, वहीत एकोणचाळीस नंबर. तिनं जास्तीचा फर्मा काढला, बाकीचे शिवून टाकले आणि ज्याला जो शोभेल तो शेवट त्याला दिला.

"सगळ्यांना वेगवेगळा?"

"शपथ उगाच घ्यायला लावत होते?" ती म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "मी पानं चोरीला गेली असं कधी म्हटलं नाही. पण नाही गेली असंही म्हटलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या माणसाला लोकांनी जन्मभर पानचोर म्हटलं आणि मी ऐकून घेतलं. एकोणचाळीसांतला एक तरी शेवट खरा निघू दे गं. म्हणजे मी सगळ्यांना फसवलं असं होणार नाही. हे छातीवर घेऊन मला त्या टेबलावर झोपायचं नाही."

दोन दिवस मी जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली. एकानं पहिला भाग दाखवला, तोही उंदरांनी खाल्लेला. मंगळवारी, मनाला पटत नसतानाही, मी चौकात गेले. चष्मेवाले काका अजून त्याच खुर्चीत बसतात, दुकान मुलगी बघते. मी म्हटलं, "मावशीला दुसरा भाग हवाय."

त्यांनी विचारलं नाही की कशाला. काचांच्या डब्यांखालचा खण उघडला आणि पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं. कोरं करकरीत, मूळ शिलाईचं.

"तुमच्याकडे कसं?"

"नाव पडलं तेव्हा ते पुसायला म्हणून शोधत गेलो होतो. चार गावं फिरलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू आधी वाचू नकोस. तिच्यासमोरच वाच."

"पण मग दाखवलं का नाहीत कुणाला?"

ते म्हणाले, "चल, मीही येतो. बाहेर थांबेन."

मावशी पुढच्या खोलीतच झोपायची. फळ्या रिकाम्या होत्या, पाटी मात्र जागेवर होती. काका दाराबाहेरच्या बाकावर बसले. मी पुस्तक मावशीच्या हातात दिलं. तिनं पाठीवरून बोट फिरवलं, मागचा फर्मा चिमटीत धरून पानं मोजली. सोळा भरली तसं तिनं पुस्तक माझ्या हातात परत दिलं.

"वाच. गाळू नकोस. गाळलंस तर मला कळेल, हा धंदा केलाय मी."

मी वाचायला लागले. नायिका मुखवटा ओढते. आतून दुसरा मुखवटा निघतो. दिवे जातात, मग बारा पानं पळापळ, एक खोटा प्राचार्य, एक खरा प्राचार्य, उगाचच एक होडी. मावशी पालथ्या हातानं चादर चाचपत होती. शेवटच्या पानावर नायिका पुन्हा एकदा त्या म्होरक्यासमोर उभी राहते आणि दुसऱ्या मुखवट्याला हात घालते. मी पान उलटलं. मागे कोरं होतं. फक्त तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, "खरा चेहरा पाहा तिसऱ्या भागात."

"पुढे?"

"संपलं."

"तिसरा भाग?"

बाहेरून काकांचा आवाज आला, "बत्तीस वर्षं झाली. आला नाही."

मावशी अशी हसत सुटली की मला त्या झडपेची काळजी वाटायला लागली. डोळ्यांतून पाणी, तोंडात पदर. "मेल्यालाच शेवट माहीत नव्हता! मी खोटं नाही बोलले गं. मी तिसरा भाग सांगत होते!"

मग हसणं थांबलं. "ते बाहेर आहेत ना? त्यांना आत बोलाव."

काका येऊन स्टुलावर बसले. मावशीनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "तुम्ही पानं चोरली नव्हती."

"मला माहीत आहे," काका म्हणाले.

"मलाही माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

"तेही माहीत आहे. पानं फाडली असती तर शिलाईत बुडखे राहिले असते. शिलाई एकदम साफ होती. एवढी साफ शिलाई इथे एकाच माणसाची."

"मग ही प्रत मिळाली तेव्हा माझ्या तोंडावर का नाही मारलीत?"

"तुम्ही ती पाटी काढली असती आणि वाचनालय बंद केलं असतं. मग मी शनिवारी कुठे गेलो असतो?"

मी फळीकडे बघायला लागले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. मग उशाशी ठेवलेली ती नंबरांची जुनी वही मावशीनं चाचपून काढली आणि मांडीवर घेतली.

"मला बाकीच्यांचे शेवट थोडेथोडे आठवतात," ती म्हणाली. "तुमचा आठवत नाही. सगळ्यात पहिला होता. काय सांगितलं होतं मी तुम्हाला?"

"शपथ घेतलीय, बाई."

"अहो, शपथ मीच घातली ना? मी सोडवते तुम्हाला."

काकांनी हात पुढे करून वहीवर ठेवला, बत्तीस वर्षांपूर्वी ठेवला असेल तसाच.

"नको," ते म्हणाले. "राहू द्या. माझ्याकडे तेवढंच आहे."