जर्मन शिकायला मी नाही म्हणाले तेव्हा

"जर्मनच्या क्लासला तुमचं नाव घातलंय," साहेब म्हणाले. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. वर हसून म्हणाले, "तुम्हाला काय हो, भाषा पटापट येतात."

पटापट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात आहे, आधी क्वालिटीला होते. गाव आंदर मावळात. इंग्रजी मला रडवून रडवून आली. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सर प्रश्न विचारायचे, तेव्हा मला उत्तर माहीत असायचं, वाक्य माहीत नसायचं. वर्षभर मान खाली घालून बसले.

मी कामाला लागले तेव्हा कारखाना जपानी मालकांचा होता. तिकडचे इंजिनिअर यायचे, मशीनजवळ उभं राहून तळमळीने काहीतरी सांगायचे, आणि आमचे लोक नुसते माना डोलवायचे. मला ते बघवेना. रविवारी पुण्याला क्लास लावला. गावाहून दोन गाड्या बदलून जायचे, एसटी चुकली तर तीन. पण पहिल्याच महिन्यात चकित झाले. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. शब्दाला मागून प्रत्यय लागतात, आपल्यासारखेच. आपण मठ्ठ नाही, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. चुलीवर भात ठेवून मी रद्दीतल्या कागदांच्या पाठीवर चित्रलिपी गिरवायचे. आई म्हणायची, "ह्या काय मुंग्या काढतीस गं?"

चार वर्षं गेली त्यात. मग कारखान्यात कुणी जपानी पाहुणा आला की मला लाइनवरून बोलवायचे. मीटिंग संपली की परत लाइनवर. राहिलेली तपासणी शिफ्ट सुटल्यावर पुरी करायची. कागदावर मी शेवटपर्यंत इन्स्पेक्टरच. दुभाषी म्हणून नेमणुकीची ऑर्डर द्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, "मग बघू."

मग अपघात झाला. आमच्या गावाच्या वरच्या वाडीतले एक जण पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते. वडिलांच्या वयाचे, मी त्यांना भाऊ म्हणते. प्रेसमध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो, तो बंद होता.

दहा-बारा दिवसांनी जपानी इंजिनिअर चौकशीला आला. मशीनपाशी उकिडवा बसून त्याने सेन्सरची वायर स्वतः हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "हा कुणी बंद केला?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. साहेब मला म्हणाले, "सांगा त्यांना, ऑपरेटरनेच बंद केला. आम्ही समज दिली होती."

भाऊ तिथंच उभे होते, हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. ते म्हणाले, "म्या कशाला बंद करीन? तुमीच म्हनला ना सायेब, सेन्सरनं लय येळ जातोय, काडून ठिवा. समद्या लायनीनं ऐकलंय."

"त्यांचं सांगायची गरज नाही," साहेब मला हळूच म्हणाले.

मी दोन्ही सांगितलं. साहेब असं म्हणतात, भाऊ असं म्हणतात. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. साहेबांना जपानी येत नव्हती, पण इंजिनिअरचा चेहरा वाचता येत होता.

पुढच्याच आठवड्यात माझी बदली स्टोअरला झाली. खिळे, नट, हातमोजे मोजायला. भाऊंना गेटवर बसवलं. इंजिनिअरने परत जाऊन रिपोर्ट पाठवला, तो साहेबांकडेच आला, आणि त्याचं भाषांतर करायला पुण्याहून एक बाहेरचा दुभाषी आणला. साहेब आपल्या खुर्चीत होते तसेच राहिले.

त्यानंतर वर्षभराने कारखाना जर्मन मालकांनी घेतला आणि साहेबांना स्टोअरचा रस्ता सापडला.

मी विचारलं, "सर, या वेळी दुभाषी म्हणून लेखी ऑर्डर मिळेल?"

"आधी शिका तर खरं. मग बघू."

"जपानीच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

"म्हणजे तुम्हाला पुढे जायचंच नाही?"

हे त्यांनी मला विचारलं! मी म्हणाले, "माझं नाव काढा यादीतून." आवाज चढला होता. रॅकजवळची पोरं वळून बघायला लागली.

सुटल्यावर गेटवर भाऊ भेटले. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"न्हाई म्हनलीस व्हय?"

"हो."

"मंग आता त्या जर्मन लोकान्ला खरं कोन सांगंल गं?"

मी त्यांच्यावरच भडकले. "सगळं मीच सांगायचं का, भाऊ? आणि सांगून काय झालं? तुमची बोटं परत आली?"

ते डाव्या हातात पेन धरून, माझी बाहेर जायची वेळ वहीत सावकाश लिहीत राहिले. मला माझीच लाज वाटली, पण राग काही उतरला नाही. टाकव्याला गाडीतून उतरून घरापर्यंत चालताना मी सबंध वाट साहेबांशी भांडत होते.

माझ्या जागी ऑफिसातल्या एका मुलीला घेतलं. हुशार आहे ती. तिने मला विचारलं, "ताई, जाऊ का मी?" मी तिला सेन्सरची गोष्ट सांगितली, स्टोअरची सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तरी गेली. आठ दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. तिची काय चूक होती?

क्लास कॅन्टीनच्या वरच्या खोलीत चालतो. जेवताना खाली ऐकू येतं, सगळे एका सुरात आकडे म्हणतात. शिकवणाऱ्यामागून म्हणताना कुणाचा उच्चार चुकला, तर मलासुद्धा कळतं. परवा त्या मुलीने सांगितलं, जर्मनमध्येही काही वाक्यांत क्रियापद शेवटी जातं. ऐकून माझे कान टवकारले, आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. मला ती भाषा हवी आहे, हेच तर साहेबांना ठाऊक होतं. माझ्या हौसेवर त्यांचा कारखाना फुकटात चालतो.

सध्या मी जपानीची पुढची परीक्षा देते आहे. अपघातानंतर अभ्यास अर्धवट टाकला होता, तो पुन्हा काढलाय. जर्मन त्यानंतर. शिकले तर पुण्यात, रविवारी, माझ्या नावावर आणि माझ्या वेळेने शिकेन. कारखान्याच्या यादीतून नाही. साहेबांनी मागच्या आठवड्यात पुन्हा निरोप पाठवला होता, क्लासला अजून एक जागा आहे म्हणून. निरोप आणणाऱ्याला मी सांगितलं, त्यांना म्हणावं, आधी ऑर्डर.

अजून ऑर्डर आलेली नाही.