जिनिंगचा बोकड

माझे वडील अकोटच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना तो. एरवी रिकामा डबा घेऊन घरी येणारे वडील कधीमधी त्यात मटणाचा वाटा घेऊन यायचे. आई ते झणझणीत करायची, आम्ही भावंडं तुटून पडायचो, आणि वडील भाकरीवर ठेचा घेऊन मुकाट्यानं जेवून उठायचे. त्यांच्या मटणाला हात न लावण्याचं कारण मला फार उशिरा कळलं. मशीननं माणसाचं रक्त घेतलं की त्याच जागी बोकड कापायची तिथं रीत होती. बोकडाच्या रक्तात हात बुडवून मशीनच्या पायाशी ठसे उमटवायचे, मटण सगळ्यांत वाटायचं. ते झाल्याशिवाय एकही कामगार मशीन सुरू करायचा नाही. सणावारी नाही, दसऱ्याला नाही, बोकड फक्त अपघातानंतर.

पुढे मी शिकले आणि अमरावतीतल्या एका फर्ममध्ये लागले. मोठ्या कंपन्या हल्ली नफ्यातोट्याखेरीज आणखी एक अहवाल काढतात. पाणी किती वापरलं, धूर किती सोडला, कामावर किती माणसं जखमी झाली, असं सगळं त्यात असतं. ते खरं आहे की नाही हे बाहेरच्या माणसानं तपासून खाली सही करायची. तो बाहेरचा माणूस म्हणजे मी. गुळगुळीत कागद, हिरवी पानं, हसणाऱ्या बाया. माझं पोट या अहवालांवर चालतं, तरी मला त्यांचा राग येतो.

एका कापूस कंपनीचा कच्चा अहवाल आमच्याकडे आला. तिचं एक जिनिंग अकोटच्या रस्त्यावर आहे. सुरक्षेच्या पानावर लिहिलं होतं, अपघात शून्य. पुढच्या पानावर कर्मचारी कल्याण, आणि तिथं स्नेहभोजनाचा फोटो. कामगार पंगतीत बसलेले, पत्रावळीवर रस्सा. मागे मशीन, आणि मशीनच्या पायाशी लाल हातांचे ठसे.

"किती छान फोटो आहे," माझा पुण्याहून आलेला सहकारी म्हणाला.

ते ठसे मी ओळखले. मुख्य कार्यालयानं कामगारांच्या जेवणाचा एखादा फोटो मागितला असणार, आणि जिनिंगवाल्यांनी होता तो पाठवून दिला. अपघात त्यांनी सगळ्या कागदांतून पुसला होता. बोकड मात्र त्यांना टाळता आला नव्हता, आणि तोच त्यांनी हौसेनं छापायला दिला होता.

मी जिनिंगवर गेले. पाहुण्यांना देतात ते पिवळं हेल्मेट मॅनेजरनं माझ्या डोक्यावर चढवलं. मशीनपाशी पोचल्यावर मी सरळ विचारलं, "बोकड कावून कापला जी?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "कोनाचा तरी नवस होता मॅडम," म्हणाला, आणि फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

कापसाच्या ढिगापाशी एक बाई बसली होती. तिनं मान वर न करता मला एका बाईच्या गावाचं नाव सांगितलं. "मशीननं तिचा डावा हात खाल्ला. ठेकेदाराकडची बाई होये ते, कंपनीची नाई, मून तुमच्या कागदात नाई." दारात उभा असलेला मुकादम आमच्याकडे पाहत होता.

मी तिथून तडक त्या गावाला गेले. जिचा हात गेला होता ती अंगणात बसलेली होती. कोपराखाली काहीच नव्हतं, फक्त फडक्याचा गुंडाळा.

"पह्यले पदर गेला, मंग हात," ती म्हणाली. "मी इकडून वढत होती, मशीन तिकडून वढत होती. हाडं मोडली त्याचा आवाज मले आला बाई. बोंबलली, पन मशीनच्या आवाजात कोनाले आयकू येते?"

कामगार कार्यालयात ती जाऊन आली होती. कंपनीनं तिथं सांगितलं होतं, आमच्याकडे अपघात झालाच नाही. ती तिथं कामाला होती, हेच तिला सिद्ध करता येत नव्हतं. कंपनीच्या स्वतःच्या अहवालात अपघात छापला गेला, तर मात्र त्यांना नाकारता आलं नसतं.

"माहा हात तिथीच गेला, एवढं लिहून देसान का?"

"लिहिते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कागद मागायला पुन्हा जिनिंगवर गेले, तेव्हा मुकादम त्या ढिगापाशी होता. त्यानं काल माझ्याशी बोललेल्या बाईचे केस मुठीत धरले होते आणि तिचं तोंड लोखंडी जाळीवर आपटत होता. "बोल आता! बोल अजून!" पांढऱ्या कापसावर रक्त उडत होतं. बाकीचे खाली माना घालून कापूस भरत होते. मॅनेजर फोनमध्ये बघत होता.

मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि मुकादमाच्या तोंडावर हाणलं. त्यानं तिचे केस सोडले, तरी मी आणखी हाणलं. त्याची भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं, तो मटकन खाली बसला. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

मी अमरावतीला पोचायच्या आत बातमी पोचली होती. "तपासणाऱ्यानं तटस्थ असावं लागतं," साहेब म्हणाले, आणि ते काम माझ्याकडून काढून घेतलं. त्या हाताबद्दल मी जे लिहिलं होतं ते रागाच्या भरात लिहिलेलं ठरलं. सही पुण्याच्या सहकाऱ्यानं केली. तिकडे एकीचं डोकं फुटत होतं, इकडे दुसरीला शब्द दिलेला होता. मी काय करायला हवं होतं, ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

काही महिन्यांनी छापील अहवाल हाती आला. मी थेट सुरक्षेचं पान उघडलं. अपघात, एक. मग खालची बारीक ओळ वाचली, आणि ते पान घेऊन मी तिच्या गावाला गेले.

"लिहिलं का?" तिनं मला पाहताच विचारलं.

"एक अपघात लिहिलाय," मी म्हणाले. तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"वाचून दाखवा न बाई."

वारं सुटलं होतं. तिनं पान मांडीवर घेतलं, आणि ते उडू नये म्हणून तुटलेला हात त्यावर दाबून धरला. मी वाचलं, "पर्यवेक्षकाच्या भुवईस किरकोळ जखम. तातडीने उपचार करण्यात आले."

पर्यवेक्षक म्हणजे मुकादम, हे मला तिला समजावून सांगावं लागलं.

"त्याची भुवई भरून आली असन न आता?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.